हयात असल्यास मोफत

नंदकिशोर सबनीस वारल्याला पाच महिने होत आले, तरी त्यांचा मोबाइल रोज संध्याकाळी चार्ज होत होता. देवापुढे दिवा लावून झाला की त्यांची बायको उत्तरा टीव्हीशेजारच्या सॉकेटला आधी त्यांचा फोन लावायची, तो भरला की मग स्वतःचा. चार्जर घरात एकच. दोन माणसांना एकाच वेळी कुठे घाई असते, असा नंदकिशोरांचा हिशोब होता, आणि तो सगळ्या संसारात कधी चुकला नव्हता. फेब्रुवारीत तेवढी त्यांनी एकट्याने घाई केली.

त्या फोनवर आता येणारी माणसं म्हणजे विकणारी. कोणी क्रेडिट कार्ड घेऊन यायचं, कोणी कर्ज, कोणी कोकणातल्या प्लॉटवर साइट व्हिजिटला गाडी पाठवतो म्हणायचं. मार्चमध्ये पहिल्यांदा असा फोन आला तेव्हा नंदकिशोर सर आहेत का, असं एका मुलाने फार अदबीने विचारलं, आणि उत्तराच्या तोंडून निघून गेलं की ते बाहेर गेलेत. कधी येतील? सांगून गेले नाहीत, ती म्हणाली. दोन्ही उत्तरांत खोटं काही नव्हतं. शिवाय ते स्वस्त पडायचं. खरं सांगितलं की समोरचा माणूस अरेरे म्हणतो, मग कसं झालं विचारतो, मग आपण सांगायचं, आणि सांगून झाल्यावर त्याला बरं वाटेल असं काहीतरी आपणच बोलायचं. बाहेर गेलेत म्हटलं की दोन वाक्यांत सुटका.

भेटायला आलेल्या बायका जाताना जिन्यात म्हणायच्या, उत्तरा फार खंबीर हो, डोळ्यातून टिपूस नाही. म्हणायच्या एकमेकींना, पण जरा मोठ्याने. उत्तराला त्यात कौतुक किती आणि तक्रार किती हे नीट कळायचं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं मुलींना मापं मोजून दिली होती तिने. खंबीरपणा वगैरे काही नव्हतं. दाढ काढण्याआधी डॉक्टर सुई देतो, मग गाल जागेवर असतो पण आपला वाटत नाही, तसं चाललं होतं. सुई कधी उतरते याची ती वाट बघत होती आणि उतरू नये असंही तिला वाटत होतं.

मग जुलै आला. मुलुंड पूर्वेला मिठागर रोडवरच्या अरुणोदय सोसायटीत जुलै हा नंदकिशोरांचा महिना. कांजूरच्या एका कंपनीत हिशोब खात्यात त्यांचं आयुष्य गेलं, आणि निवृत्त झाल्यावर काय करायचं हा प्रश्न त्यांना पडलाच नाही. जुलैतल्या प्रत्येक रविवारी सकाळी डायनिंग टेबलावरचं मेणकापड पुसायचं, लॅपटॉप उघडायचा, चष्मा कपाळावर ढकलायचा आणि म्हणायचं, येऊ द्या. सोसायटीतली निम्मी बिऱ्हाडं फायली घेऊन जिन्यात उभी. प्राप्तिकराचं रिटर्न भरून मिळेल, फी नाही. चहासुद्धा आमचाच.

फी नव्हती, पण उपदेश सक्तीचा होता. एवढ्या पगारात एवढी बचत? गाडी कशाला घेतली, तुझं ऑफिस चालत जाण्याच्या अंतरावर आहे. आणि फुकटाची खरी वसुली व्हायची ती पंधरा ऑगस्टला. त्या दिवशी सकाळी खाली झेंडावंदन आणि दुपारी गच्चीवर जेवण, ही सोसायटीची पहिल्यापासूनची रीत. जेवणाची वर्गणी ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे. आता ऐपत ठरवायची कोणी? पावतीपुस्तक नंदकिशोरांकडे, आणि दोनच आठवड्यांपूर्वी सगळ्यांची ऐपत त्याच टेबलावर त्यांनी दोन दशांश चिन्हांपर्यंत बघितलेली. कोणाच्या दारात कितीचा आकडा उच्चारायचा हे त्यांना विचारावं लागत नसे. लोक कुरकुरायचे, आणि द्यायचे.

यंदाच्या जुलैतल्या पहिल्या रविवारी बेल वाजली. दारात तिसऱ्या मजल्यावरचे शिवदास वाकोडे, काखेत फाइल. ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्रातून निवृत्त झालेला शांत माणूस, मूळचे बुलढाण्याकडचे, यंत्रांची मापं तपासण्यात आयुष्य घालवलेले. पण सवयीपुढे मापं काय करणार. दार उघडल्यावर उत्तराकडे बघितलं, आत मोकळ्या टेबलाकडे बघितलं, आणि काखेतली फाइल पाठीमागे नेली. मी आपला सहज आलो, असं म्हणाले. उत्तराने या म्हटलं. चहा झाला. फाइल सोफ्याच्या कडेला उभी राहिली, पाहुण्यांच्या मुलासारखी.

मग उत्तरानेच विचारलं की आता रिटर्नचं काय करणार. शिवदासभाऊंनी मान हलवली. ऑनलाइन एक आहे म्हणतात, मुलीने सांगितलं, तिथे मोफत होतं.

“नंदूभाऊंसारखं?” उत्तरा सोसायटीने नंदकिशोरांना दिलेल्या नावाने म्हणाली.

“नंदूभाऊंसारखं मोफत असेल तर महागच पडेल, वहिनी,” शिवदासभाऊ म्हणाले, आणि बोलून गेल्यावर चपापले. उत्तराला वाईट वाटलं नाही. वाईट वाटायची जागाच बधिर होती.

त्याच आठवड्यात निहारचा फोन आला. निहार म्हणजे उत्तराचा मुलगा, गोरेगावला एका स्टुडिओत मालिकांच्या आवाजाचं काम करतो, आणि त्याचा दिवस कधी सुरू होतो नि कधी संपतो हे त्यालाच माहीत नसतं. आई, बाबांचं रिटर्न राहिलंय, तो म्हणाला. बँकेने ठेवींच्या व्याजातून कापलेले एकतीस हजार आहेत, भरलं नाही तर गेले. ते एकतीस हजार उत्तराला माहीत होते. बँकेने वर्षभर कापायचं आणि नंदकिशोरांनी जुलैत परत ओढून आणायचं, हा दोघांचा जुना खेळ होता. कापूच नका असं सांगणारा अर्ज बँकेत देता यायचा, पण मग जुलैत जिंकायला काय उरलं असतं.

निहारने लिंक पाठवली. ‘बिनघोर’. वर एक हसरं कुटुंब, आजोबांसकट, आणि खाली मोठ्या अक्षरांत: रिटर्न भरा शून्य रुपयांत. बाबांच्या नंबरने खातं उघड, ओटीपी त्यांच्या फोनवर येईलच, निहार म्हणाला. फोन चालू आहे ना? चालू आहे, उत्तरा म्हणाली.

गुरुवारी दुपारी तिने मेणकापड पुसलं आणि लॅपटॉप उघडला. खुर्ची आपली नेहमीची घेतली, त्यांची नाही. काम तसं अवघड नव्हतं. इतकी वर्षं चहाचे कप ठेवता-उचलता अर्धी विद्या कानावरून गेली होती. नाव, पॅन, जन्मतारीख. ठेवींचं व्याज टाकलं, कापलेला कर आपोआप आला. दर पानावर एक हिरवी पट्टी पुढे सरकायची आणि बिनघोर शाबासकी द्यायचं: छान चाललंय, नंदकिशोर! उजव्या कोपऱ्यात लिहिलेलं, तुमचा खर्च: ₹०. तिला ते शून्य बघून थोडा विसावा मिळाला. नंदकिशोरांना ही जागा आवडली असती, तिच्या मनात आलं.

मग लाभांशाचं पान आलं. नंदकिशोरांकडे एका रंगाच्या कंपनीचे दहा शेअर होते. ते त्यांनी नफ्यासाठी घेतलेच नव्हते. कंपनीची वार्षिक सभा चर्चगेटला एका सभागृहात व्हायची आणि भागधारकाला खोक्यात एक समोसा, एक काजूकतली आणि वेफर मिळायचे. दहा शेअरवाल्यालाही खोकं तेवढंच आणि दहा लाखवाल्यालाही तेवढंच, ही लोकशाही त्यांना फार प्रिय होती. पुढे करोनात सभा ऑनलाइन झाली ती ऑनलाइनच राहिली. समोसा गेला, शेअर राहिले. गेल्या वर्षीचा लाभांश होता पस्तीस रुपये.

उत्तराने पस्तीस टाकले. हिरवी पट्टी थांबली. कोपऱ्यातल्या शून्याच्या जागी ₹५९९ आले. खाली लिहिलेलं: अभिनंदन! तुमच्याकडे गुंतवणुकीचं उत्पन्न आहे. आता तुमच्यासाठी ‘बिनघोर सोनेरी’ योजना.

तिने पस्तीस खोडले. शून्य परत आलं. पुन्हा पस्तीस टाकले. पाचशे नव्याण्णव. असं तिने तीन-चार वेळा केलं, रागाने नव्हे, जिन्यातला दिवा दोन्ही बटणांनी लागतो का बघावं तसं. मग पस्तीस तसेच ठेवून ती पुढे गेली, कारण नंदकिशोरांनी ते ठेवले असते. तीन पानं आणखी भरली. मागच्या नोकरीचं पेन्शन, बँकेचा नंबर, पत्ता. इतकं भरून झाल्यावर, दारापर्यंत पोचवून मग रिक्षाचं भाडं सांगावं तसा, शेवटच्या पानावर एक प्रश्न आला. हे रिटर्न तुम्ही कसं भरत आहात? त्याखाली दोन गोल. एकापुढे ‘स्वतःसाठी’. दुसऱ्यापुढे ‘करदाता हयात नाही, वारस म्हणून’.

पहिल्या गोलात टिंब आधीच भरलेलं होतं.

उत्तराने दुसरा गोल निवडला. कोपऱ्यातला आकडा झाला ₹२९९९, आणि बाजूला बारीक अक्षरांत ‘अधिक जीएसटी’. योजनेचं नाव होतं ‘बिनघोर कुटुंब सन्मान’. तिने परत पहिला गोल निवडला. पाचशे नव्याण्णव. छान चाललंय, नंदकिशोर!

ती लॅपटॉप तसाच ठेवून कुकर लावायला गेली.

रविवारी निहार आला. येताना ढोकळा आणला, उभ्यानेच खाल्ला, आणि लॅपटॉपपुढे बसला, नेमका बाबांच्या खुर्चीत. खुर्चीच्या बाबतीत तो कधी विचार करायचा नाही. उत्तराला त्याचा हेवा वाटला. त्याने सगळी पानं मागेपुढे केली, बिनघोरला एक शिवी दिली, मग आणखी एक. सगळं भरून घेतात आणि मग खिसा चाचपतात, म्हणे मोफत. माणसाने दोन तास घातलेले असतात, आता दुसरीकडे कुठे जाणार, हे त्यांना पक्कं माहीत असतं. उत्तरा ऐकत होती. राग त्याचा खरा होता, पण तो रागही तिच्यापर्यंत शेजारच्या घरातल्या टीव्हीसारखा येत होता.

मग निहार शांत झाला आणि म्हणाला की हे फुकट करता येईल. सोपं आहे. पस्तीस रुपये काढून टाकायचे, तेवढ्याशा रकमेला कोण विचारतंय. आणि ‘स्वतःसाठी’चा गोल जसा आहे तसा राहू द्यायचा. ओटीपी बाबांच्या फोनवर येईल, तो टाकायचा, संपलं. खातं दोघांच्या नावावर आहे, पैसे येतील. सगळे असंच करतात. त्याच्या स्टुडिओतल्या एका माणसाने सासऱ्यांचं दोन वर्षं असंच भरलं होतं.

म्हणजे दरपत्रक असं झालं: पस्तीस रुपयांचं खरं बोलायचं असेल तर सहाशे, माणूस गेला हे खरं बोलायचं असेल तर तीन हजार आणि वर कर. दोन्हींबद्दल गप्प बसलं तर शून्य. उत्तराने हे मनात मांडलं आणि तिला त्यात चूक सापडेना. पाच महिने ती स्वतः याच दराने चालत होती.

“बाबांना आता काय फरक पडतो, आई?” निहार म्हणाला. तो वाईट बोलत नव्हता, दमला होता.

“पस्तीस रुपयांनी पडायचा,” उत्तरा म्हणाली.

निहार हसला आणि त्याने पस्तीस खोडले. कोपऱ्यात शून्य आलं. पुढचं बटण दाबलं, तसं आणखी एक पान उघडलं. त्यावर लिहिलं होतं: मी, नंदकिशोर यशवंत सबनीस, प्रतिज्ञापूर्वक सांगतो की वरील माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आणि पूर्ण आहे. खाली सहा चौकोन.

उत्तराच्या हातातला फोन थरथरला. तिने चष्मा लावला. सहा आकडे आले होते. आकडा सांग, निहार म्हणाला. चार, ती म्हणाली. एक. सात. पुढचे तीन तिला दिसत होते, स्पष्ट दिसत होते, पण ‘प्रतिज्ञापूर्वक सांगतो’ या शब्दांपाशी तिची नजर परत परत जात होती. हा माणूस एका चुलतभावाशी अकरा वर्षं बोलला नव्हता, कारण त्याने खोटी भाडेपावती मागितली होती. लग्नात समोरासमोर आले तेव्हाही नाही.

“आई, पुढचे.”

“तू आधी जेवून घे,” उत्तरा म्हणाली.

निहारने तिच्याकडे बघितलं. पडद्यावर लाल अक्षरं आली, वेळ संपली, पुन्हा कोड मागवा. त्याने मागवला नाही. लॅपटॉप बंद केला, हात धुतले, ताटावर बसला. जेवताना दोघं त्याच्या मालिकेबद्दल बोलली. तिच्यातली एक सासू मेली होती आणि प्रेक्षकांनी ओरड केली म्हणून परत आणणार होते. उत्तरा म्हणाली, कशी आणणार? निहार म्हणाला, मेलीच नव्हती असं सांगणार, अजून काय. जाताना त्याने चपला घालता घालता म्हटलं की तीन हजार मी भरतो, नको एवढा विचार करू. नको, ती म्हणाली.

सोमवारी सकाळी नंदकिशोरांचा फोन वाजला. उत्तरा भाजी निवडत होती. तिने गवारीचे हात पदराला पुसून फोन घेतला.

एक मुलगी बोलत होती. अर्धं मराठी, अर्धं हिंदी, आणि पाठीमागे तिच्यासारख्याच शंभर मुलींचा आवाज. ती बिनघोरमधून प्रियंका बोलत होती. सरांचं रिटर्न नव्वद टक्के पूर्ण होऊन अडकलंय, काही प्रॉब्लेम आहे का, सरांशी बोलता येईल का.

“ते बाहेर गेलेत,” उत्तरा म्हणाली. सवय.

“ओके मॅम. कधीपर्यंत येतील?”

सांगून गेले नाहीत, हे वाक्य जिभेवर तयार होतं. पाच महिन्यांत किती वेळा वापरलं होतं. गवारीची एक शेंग हातात तशीच राहिली होती, तिचं टोक तिने नखाने तोडलं.

“येणार नाहीत,” ती म्हणाली. “ते वारले. फेब्रुवारीत.”

बोलून झाल्यावर ती थांबली. छत खाली येईल, किंवा सुई उतरेल, किंवा निदान समोरून अरेरे येईल, अशी तिची कल्पना होती. पंखा फिरत होता. फोनमध्ये कीबोर्डाचा आवाज आला, टक टक टक, बराच वेळ.

“ओके मॅम, नोट केलं,” प्रियंका म्हणाली. “मग तुमचा प्लॅन अपग्रेड करावा लागेल. कुटुंब सन्मान, दोन हजार नऊशे नव्याण्णव प्लस जीएसटी. लिंक पाठवू?”

आता हे ऐकून एखाद्याने फोन आपटला असता. उत्तराने तो कानाशी आणखी जवळ धरला. पाच महिन्यांत या एका मुलीने नंदकिशोरांचं मरण ऐकून ते फक्त नोंदवलं होतं. कसं झालं विचारलं नाही, धीर दिला नाही, जिन्यात जाऊन काही म्हणणार नव्हती. एक गोष्ट झाली होती, ती तिने योग्य रकान्यात टाकली आणि पुढचं विचारलं. नंदकिशोरांनीही असंच केलं असतं. हे बरं वाटणं होतं की काय, ते तिला ठरवता आलं नाही, पण काहीतरी होतं, गालाच्या कडेला.

आणि त्या बऱ्या वाटण्याला दोन हजार नऊशे नव्याण्णव द्यायचे का, हा निराळा प्रश्न होता. इथे मात्र सबनिसांच्या घरातली इतकी वर्षं कामी आली.

“प्रियंका,” ती म्हणाली, “तुम्ही तीन हजारात नेमकं काय करता?”

प्रियंकाने वाचून दाखवलं. वारस म्हणून रिटर्न भरून देतात, तज्ज्ञ तपासतात, प्राधान्याने मदत मिळते. फक्त आधी मॅमना सरकारी साइटवर जाऊन वारस म्हणून नोंदणी स्वतः करावी लागेल. ती कंपनी करत नाही. मृत्यूचा दाखला, पॅन आणि वारस असल्याचा कागद, एवढं तिकडे चढवायचं.

“म्हणजे मेले हे सांगायचं मी, तिकडे. आणि पैसे तुम्हाला.”

“प्रोसेस तशी आहे, मॅम.”

“मग तिकडेच रिटर्नही भरलं तर किती पडतात?”

मागचा शंभर मुलींचा गलबला तेवढा येत राहिला. मग प्रियंका जरा हळू आवाजात म्हणाली, “मॅम, हा कॉल रेकॉर्ड होतो.”

“कळलं,” उत्तरा म्हणाली. “बरं झालं बोललीस.”

तिने गवार निवडून पुरी केली. दुपारी कपाटातून प्लास्टिकचा एक फोल्डर काढला. मृत्यूचा दाखला त्यात होता. महापालिकेतून निहारने आणला तेव्हा तिने तो न वाचता ठेवला होता. आता वाचला. नाव बरोबर होतं, वय बरोबर होतं, पत्त्यात मिठागरचं मीठागर केलेलं होतं. वारसाच्या कागदासाठी दुसऱ्या दिवशी स्टेशनजवळच्या नोटरीकडे जावं लागलं. सरकारी फुकटालाही मुद्रांकाचे पाचशे लागलेच, नोटरीने त्याचे वेगळे घेतले. पण खिडकीवरच्या माणसाने ते आधी सांगून घेतले, सगळा कागद लिहून झाल्यावर नाही.

सरकारी साइट संथ होती, आणि तिला कोणाचं कौतुक करायची सवय नव्हती. छान चाललंय असं एकदाही म्हणाली नाही. मधेच बाहेर काढायची, मग पुन्हा आत जायचं. उत्तरा स्वतःच्या नावाने आत गेली. प्रतिनिधित्वाचं कारण विचारलं तिथे तिने यादी उघडली. अल्पवयीन, वेडसर, परदेशी, मृत. तिने मृत निवडलं. तिथे त्या शब्दाला दर नव्हता, त्यामुळे कोपऱ्यात काही बदललं नाही.

मंजुरी यायला आठवडा गेला. ती आल्यावर तिने रिटर्न भरलं, तेही मुदतीच्या चार दिवस आधी, आणि त्यात पस्तीस रुपये टाकले. खाली प्रतिज्ञा होतीच. मी, उत्तरा नंदकिशोर सबनीस, मृत नंदकिशोर यशवंत सबनीस यांची वारस म्हणून. ओटीपी आला तो तिच्या फोनवर. सहाच्या सहा आकडे तिने टाकले.

निहारला सांगितलं तेव्हा त्याने विचारलं की म्हणजे ते तिकडे आधीपासून फुकटच होतं? होतं, ती म्हणाली. मग बाबा दर वर्षी तिकडेच करायचे? तिकडेच. जुनी सगळी रिटर्न तिला तिथे दिसली होती. निहार म्हणाला, मग त्यांनी मला कधी दाखवलं का नाही. उत्तराला उत्तर ठाऊक होतं, की दाखवलं असतं तर जुलैत येऊ द्या कोणाला म्हणायचं. पण ते तिने स्वतःपाशी ठेवलं.

बिनघोरने मात्र धीर सोडला नाही. नंदकिशोरांच्या फोनवर रोज एक संदेश यायचा. नंदकिशोर, तुमचं रिटर्न नव्वद टक्के पूर्ण! नंदकिशोर, फक्त एक पाऊल! शेवटच्या दिवशी तर, नंदकिशोर, अजूनही वेळ गेलेली नाही. त्या संध्याकाळी फोन अकरा टक्क्यांवर होता. उत्तराने दिवा लावला, चार्जर घेतला आणि आधी स्वतःचा फोन लावला. दुसरा लावायचा राहून गेला. रात्री कधीतरी तो बंद पडला असणार. सकाळी तिने तो उचलून प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये, दाखल्याशेजारी ठेवला.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात बेल वाजली. शिवदासभाऊ. या वेळी काखेत फाइल नव्हती, पावतीपुस्तक होतं. कमिटीने पंधरा ऑगस्टच्या जेवणाचं काम त्यांच्या गळ्यात घातलं होतं. ते अवघडून बसले. उत्तराने रिटर्नचं विचारलं. भरलं म्हणाले, त्याच बिनघोरवर, पंधराशेला पडलं. सुरुवातीला शून्य होतं, वहिनी, आपल्या डोळ्यांनी बघितलं. मग मुलीला सांगायची लाज वाटली म्हणून मोफत झालं असंच तिला सांगितलं. उत्तराने त्यांना सरकारी साइटबद्दल सांगितलं, पुढच्या जुलैत फाइल घेऊन या म्हणाली. त्यांनी मान डोलावली आणि पावतीपुस्तकाची पानं उगाच चाळली.

“तुमची वर्गणी,” ते म्हणाले. “मागच्या वर्षीइतकीच लिहू का?”

“मागच्या वर्षी किती होती?”

शिवदासभाऊ खिडकीबाहेर बघायला लागले. “पाचशे एक.”

उत्तराने विचारलं की त्यांची किती होती. पंधराशे एक. आणि पहिल्या मजल्यावरच्या चंद्रप्रकाशची? दोन हजार. बाकीच्यांची? सगळ्यांची हजाराच्या वर. अख्ख्या बिल्डिंगीत सगळ्यात कमी ऐपत सबनिसांची, दर वर्षी, पहिल्यापासून.

“तुम्हाला माहीत होतं?”

“सगळ्यांना माहीत होतं,” शिवदासभाऊ म्हणाले. “नंदूभाऊ समजत होते की कोणाला कळत नाही. आम्ही आपले फी समजून द्यायचो. पटायचं, वहिनी. त्यात चहा असायचा.”

उत्तराला हसू आलं नाही. पण ते जिथून यायला हवं होतं ती जागा तिला कळली, सुई उतरताना गालाच्या एका टोकाला मुंग्या येतात तशी. ती उठली आणि कपाटातून पैसे घेऊन आली.

“पंधराशे एक लिहा,” ती म्हणाली.

शिवदासभाऊंनी पेन उघडलं, तारीख घातली, आणि नावाच्या ओळीवर थांबले. दर वर्षी तिथे एकच नाव असायचं. त्यांनी वर बघितलं नाही.

“नाव?”

“माझं,” उत्तरा म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली.